खोडावरचा दोन शेपट्यांचा

आंब्याच्या खोडावर दगडफुलाचे करडे-पांढरे ठिपके होते. त्यातला एक ठिपका पळाला, तेव्हा कळलं की गेली दहा मिनिटं मी त्याच्याच शेजारी हात टेकवून उभा होतो.

हा हर्सिलिया, दोन शेपट्यांचा कोळी. अंग जेमतेम सेंटिमीटरभर. शेपट्या म्हणायच्या, पण ते रेशीम सोडणारे अवयव. जवळजवळ पोटाइतके लांब. हा शिकारीसाठी जाळं विणतच नाही. डोकं खाली करून सालीला चिकटून बसतो. मुंगी टप्प्यात आली की झेपावतो आणि शेपट्या तिच्याकडे रोखून तिच्याभोवती गरागरा फिरतो. वटपौर्णिमेला बायका सूत गुंडाळत वडाला फेऱ्या घालतात, अगदी तसा. फक्त इथे मुंगी झाडालाच शिवली जाते. चावा त्यानंतर.

रंग जुळला की लपणं झालं, असं मला वाटायचं. पण खरी चहाडी करते ती सावली. म्हणून हा पाय पसरून इतका सपाट होतो की अंगाखाली सावलीला जागाच उरत नाही. त्याला शोधायचं तर टॉर्च खोडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारायची. तिरप्या उजेडात भेगांच्या सावल्या लांबतात आणि त्या गचाळ रेघांमधून अचानक आठ पाय वेगळे होतात! तिसरी जोडी तेवढी आखूड.

मग कॅमेरा. मॅक्रो लेन्सने १:१ आकारात टिपताना छिद्र एफ/११ इतकं बारीक केलं तरी दीड मिलिमीटरच्या आसपासच जाडी स्पष्ट येते. कॅमेरा जरा कलला की डोळे स्पष्ट, पाय धूसर. इथे त्याचं सपाट असणं आपल्या पथ्यावर पडतं; लेन्स खोडासमोर सरळ धरली की बराचसा कोळी त्या पातळ थरात मावतो. अर्थात तो थांबला तर. घाईने पुढे झालात, की खारीसारखा खोडाच्या पलीकडे.

फ्लॅश एकदा बाजूने मारला, एकदा समोरून. बाजूच्या फोटोत कोळी ठसठशीत उठून आला, केसन्‌केस मोजावा असा. समोरच्या उजेडाने उरलीसुरली सावलीही पुसली. मला तोच जास्त आवडला. आईला दाखवला.

तिने चष्मा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाली, "साल छान आलीये रे."