आइसबाख : म्यूनिकच्या पाटावरची लाट

तिरोलमधील कार्वेंडेल पर्वतराजीत उगम पावून, चुनखडीचे पांढरे गोटे लोटीत बव्हेरियाच्या पठारावर उतरणारी आणि सुमारे 295 किलोमीटरांचा प्रवास करून डॅन्यूबला मिळणारी इझार ही नदी म्यूनिक शहराचे मूळ कारण आहे. आणि ते कारण धार्मिक नसून निव्वळ महसुली आहे. मिठाच्या वाहतुकीवरील जकात फ्रायझिंगच्या बिशपच्या पदरी पडत होती, ती आपल्या खजिन्यात वळावी म्हणून ड्यूक हेन्री द लायन याने फ्योरिंग येथील बिशपचा पूल मोडून नदीच्या वरच्या अंगाला आपला नवा पूल बांधला, असे परंपरा सांगते. या तंट्याचा निवाडा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने 14 जून 1158 रोजी आउग्सबर्ग येथे दिला, आणि तोच दिवस म्यूनिकचा जन्मदिवस म्हणून आजही साजरा होतो.

परंतु नदीकाठी वसलेल्या या नगराचा नित्याचा व्यवहार नदीच्या मुख्य पात्राशी फारसा नव्हताच. वसंतात बर्फ वितळले म्हणजे बेभान होणारी, एरवी गोट्यांच्या विस्तीर्ण पात्रातून मनाला येईल तशी वाट बदलणारी ही नदी गिरणी फिरविण्याच्या किंवा कातडे धुण्याच्या कामाची नव्हे. म्हणून शहराच्या दक्षिणेस बांध घालून तिचे पाणी पाटांत वळवण्यात आले, आणि मध्ययुगापासून या पाटांनी पिठाच्या गिरण्या, लाकूड कापण्याचे कारखाने, चांभार आणि रंगारी यांची कामे, तटाभोवतीचा खंदक, आगीच्या वेळचे पाणी आणि शहराची घाण वाहून नेणे अशी नाना प्रकारची चाकरी केली. पुढे वाफ आली, वीज आली, नळ आले; पाटांची गरज सरली. मोटारींसाठी रस्ते रुंद करावयाचे आणि जमिनीखालून आगगाडी न्यावयाची असे ठरले, तेव्हा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत यांपैकी बहुतेक पाट बुजवले गेले अथवा झाकले गेले. गिरण्यांच्या नावांच्या गल्ल्या तेवढ्या उरल्या.

आइसबाख हा त्या नष्टप्राय कुळातील एक वाचलेला वंशज होय. लांबी जेमतेम दोन किलोमीटर. शहराखालच्या अंधारातून वाहत येऊन प्रिन्सरेगेंटनस्ट्रासे या राजरस्त्याच्या पुलाखालून तो एकदम उजेडात उसळतो आणि लगेच इंग्लिश गार्डन या उद्यानात शिरतो. नाझी राजवटीने 1937 साली उघडलेले हाउस डेर कुन्स्ट हे अवजड स्तंभांचे कलादालन त्या पुलाच्या अगदी शेजारी उभे आहे.

उद्यानाचा इतिहासही कृत्रिमतेचाच. पॅरिसमध्ये बास्तीलचा किल्ला पडून महिना झाला नव्हता, अशा वेळी, ऑगस्ट 1789 मध्ये, बव्हेरियाचा इलेक्टर कार्ल थिओडोर याने इझारच्या काठावरील शिकारीचे रान लोकांसाठी उद्यान करण्याचा हुकूम काढला. त्या हुकमामागे डोके होते बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रमफर्ड या अमेरिकेत जन्मलेल्या विलक्षण गृहस्थाचे. तोफांच्या नळ्या कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून उष्णता हे द्रव्य नसून गतीचे रूप आहे असे प्रतिपादन करणारा हाच, आणि भिकाऱ्यांना कामाला लावून त्यांच्यासाठी स्वस्त सूप शिजवणाराही हाच! उद्यानाला आजचे रूप मात्र फ्रीड्रिख लुडविग फॉन स्केल या उद्यानशिल्पीने दिले. पाहणाऱ्याला सहज उगवल्यासारखी वाटणारी झाडी, वळणे घेत जाणारे ओहोळ, एवढेच नव्हे तर खडकांवरून कोसळणारा धबधबा, सारे आखून घडवलेले आहे. आणि ते तसे वाटत नाही यातच त्या कारागिराचे यश.

सुमारे पावणेचारशे हेक्टरांच्या या उद्यानातून वाहणारा आइसबाख जगभर प्रसिद्ध झाला तो मात्र झाडीमुळे नव्हे, तर पुलाखालच्या एका लाटेमुळे. पुलाखालून वेगाने येणाऱ्या पाण्याचा जोर मोडावा म्हणून तळाशी काँक्रीटचे ठोकळे बसवलेले आहेत. उथळ आणि वेगवान पाणी पुढच्या खोल, संथ पाण्यावर आदळले की ते जागच्या जागी उभे राहते. समुद्राची लाट पुढे सरकते आणि पाणी बव्हंशी जागेवरच वर-खाली होते. येथे पाणी पळत असे आणि लाट खिळलेली असे. दहा-बारा मीटर रुंदीच्या या लाटेवर फळी घेऊन स्वार होण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, नाद म्यूनिकच्या तरुणांना विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात लागला. त्याआधी 1972 च्या सुमारास शहराच्या दक्षिणेस, थालकिर्शेन येथे लाकडाचे तराफे उतरतात त्या जागी, असे प्रयोग झालेच होते.

2025 च्या शरद ऋतूपर्यंत पुलाच्या कठड्याला टेकून हे दृश्य पाहता येई. दोन्ही काठांवर रबरी पोशाखातील माणसे ओळीने उभी असत. एकदा या काठाचा, एकदा त्या काठाचा, असा पाळीचा अलिखित शिरस्ता होता, आणि तो मोडणाऱ्याची गय होत नसे. ज्याची पाळी तो फळी पाण्यावर टाकी, त्याच क्षणी तिच्यावर उडी घेई आणि प्रवाहाकडे तोंड करून, पुलाखालच्या काळोखाकडे पाहत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झोके घेऊ लागे. बहुतेकांची स्वारी एका मिनिटाच्या आत संपे. तोल गेला की पाणी त्यांना बरेच खाली नेऊन सोडी आणि ते निमूटपणे पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभे राहत. हिवाळ्यात काठावर बर्फ असतानाही हा क्रम चाले. फळीवाचूनचे शौकीन प्रवाहात अंग झोकून देतात, तिवोलीच्या पुलाजवळ बाहेर पडतात आणि पोहण्याच्या ओल्या कपड्यांनिशीच ट्राममध्ये बसून मूळ ठिकाणी परततात. नोकरदार जर्मन उतारू ते दृश्य निर्विकारपणे सहन करतात, हे मला त्या लाटेइतकेच नवलाचे वाटते.

लाटेवरची ही स्वारी बराच काळ बेकायदा चालली होती. मनाईचे फलक होते, अधूनमधून पोलिसांची धरपकड होती, आणि सर्फिंग करणारे मंडळ लाट स्थिर राहावी म्हणून लाकडी फळ्या आणि दोर बांधून पाण्याची डागडुजीही गुपचूप करीत असे. ती जागा बव्हेरिया राज्याच्या मालकीची होती; जमिनींची अदलाबदल करून ती म्यूनिक शहराने आपल्या ताब्यात घेतली आणि 2010 साली, केवळ अनुभवी स्वारांसाठी अशी ताकीद देऊन, सर्फिंगला रीतसर मुभा दिली.

मुभेबरोबर जबाबदारीही आली, आणि तिचे वजन 2025 साली कळले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रात्री झालेल्या एका प्राणघातक अपघातानंतर लाट बंद करण्यात आली. फळी पायाला बांधणाऱ्या दोरीने घात केला होता. उन्हाळ्यात ती नव्या नियमांसह खुली झाली : रात्री बंदी, आणि दोरी आपत्काळी स्वतःहून सुटेल अशीच हवी. शरद ऋतूत पाटाचे पाणी नेहमीप्रमाणे अडवून तळाचा गाळ, गोटे आणि कचरा उपसण्यात आला. हे वार्षिक काम पूर्वापार चालत आलेले. पण या खेपेस पाणी पुन्हा सोडले तेव्हा लाट उभीच राहिली नाही. तळाचा चढउतार थोडा बदलला, गोट्यांचा एखादा थर निघून गेला, की पुढच्या पाण्याची खोली बदलते आणि सगळे गणित विसकटते. ज्या घाणीची कोणी कधी दखल घेतली नव्हती तिच्यावरच काही अंशी ही कीर्ती उभी होती.

यानंतर जे घडले ते कोणत्याही दप्तरात शोभेल असे आहे. अभियंत्यांना पाचारण झाले, पाण्याची मोजमापे झाली, सुरक्षिततेची चर्चा झाली; उतावळ्या मंडळींनी परवानगीवाचून लाकडी अडसर बसवून लाट उभी केली आणि अंमलदारांनी तो अडसर काढून नेला. मनाई होती त्या काळात जी फळी रात्रीतून बसत असे आणि जिच्याकडे काणाडोळा होत असे, तीच फळी आता, सर्फिंग कायदेशीर झाल्यावर, अर्ज, तपासणी आणि मंजुरी यांवाचून पाण्याला लागू शकत नव्हती.