मातीची भिंत

विल्यम मॉरिस या इंग्रज कवीने लंडनजवळ बेक्सलीहीथ येथे आपला मित्र फिलिप वेब याच्याकडून १८५९-६० साली एक घर बांधवून घेतले. लाल विटांवर गिलावा चढविला नाही. त्यावरूनच घराला ‘रेड हाऊस’ हे नाव मिळाले. आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीच्या आरंभीच्या घरांत त्याची गणना होते. वस्तूने आपले द्रव्य लपवू नये, कारागिराच्या हाताची बुद्धीपासून फारकत होऊ नये, ही जॉन रस्किनची शिकवण त्या चळवळीच्या मुळाशी होती.

याच रस्किनचे ‘अन्टू धिस लास्ट’ गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत वाचले आणि १९०८ साली त्याचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत दिला. त्या वाचनाचे घर पाहावयाचे तर आम्हां लोधीखेडेकरांना विलायतेस जाणे नको. नागपूर ओलांडून वर्ध्याजवळचे सेवाग्राम गाठले की झाले.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर तेथे आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मीराबेनने स्वतःसाठी उभारलेली झोपडी. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन. आत शिरताना पाहुण्याचे लक्ष प्रथम जाते ते भिंतीवरील उठावाच्या झाडांकडे व मोराकडे. एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या कन्येने ती ओल्या मातीतून घडविली. शोभा वेगळी आणून लावलेली नाही. भिंतच फुगून मोर झाली आहे! मॉरिसच्या सुंदर वस्तू अखेर धनिकांच्याच घरी गेल्या. ही कुटी मात्र शेतमजुराच्या घराची सख्खी बहीण वाटते.

मात्र मातीचे घर दरवर्षी सेवा मागते. आमच्या घरची मागची भिंत पाडून सिमेंटची घालावी, असे धाकट्या भावाचे म्हणणे. मी सेवाग्रामचा दाखला दिला. तेव्हा आमच्या सौ. शांतपणे म्हणाल्या, “लिंपण इतकी वर्षे कोणी केले, तेही सांगा.” मला उत्तर सुचले नाही. पोतेरा माझ्या हाती कधी आलाच नव्हता.

यंदा मृगापूर्वी आम्ही दोघा भावांनी माती कालवली, भुसा मिसळून दोन दिवस मुरू दिली आणि भिंत लिंपली. सौ. ओसरीवर बसून चुका दाखवीत होत्या. उजवा कोपरा पुन्हा करावा लागला.