जुनी फोर-व्हील जीप आणि ट्रॉली : वाहतूक व निगा

पावसाळी टोमॅटोचा तोडा सुरू झाला की शिवारातून डांबरी रस्त्यापर्यंत माल आणायचा कसा, ही मोठी अडचण असते. पिकअप बांधापर्यंत येत नाही आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या कामात गुंतलेला असतो. जुन्नर, आंबेगाव, अकोले भागात अशा वेळी वीस-तीस वर्षे जुन्या फोर-व्हील जीप दोनचाकी ट्रॉली ओढताना दिसतात. आमच्या घरीही अशी एक जीप आहे. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, मेकॅनिक नव्हे; परंतु या जीपने जे शिकविले ते शेतकरी बंधूंना उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम वजनाचा हिशेब करावा. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल बसतो. ६० क्रेट भरले तर माल १२०० किलो, त्यात रिकाम्या क्रेटचे व ट्रॉलीचे वजन वेगळे. बहुतेक छोट्या ट्रॉलींना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे हे सगळे ओझे जीपच्याच ब्रेकवर येते. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ६० वर नेला तर थांबविण्याची ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट लागते. मागे कमानपाट्यात एक पाटा वाढवून घेतला की गाडी जास्त ओझे घेते, असा सार्वत्रिक समज आहे. पाटा वाढविल्याने गाडी मागे बसत नाही एवढेच; ब्रेक, एक्सल व चासी पूर्वीचीच राहते. म्हणून आर.सी. पुस्तकातील व कंपनीने दिलेली मर्यादा पाळावी.

ट्रॉली भरताना जड माल चाकांच्या एक्सलवर व किंचित पुढे ठेवावा. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. मागे जास्त भरले तर हुक जीपची मागची बाजू उचलते, मागील चाकांची पकड कमी होते आणि वेगात ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी हलू लागते. हुकाच्या पिनला लॉक आणि सोबत साखळी असल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

आता उताराविषयी. २०१७ च्या जुलैत वडील भरलेली ट्रॉली घेऊन आमच्या वस्तीवरून खाली येत होते. डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल केलेली आणि ब्रेक सतत दाबलेला. निम्म्या उतारावर पेडल एकदम मऊ होऊन तळाला गेले. त्यांनी जीप बांधाच्या मातीत घातली म्हणून ती थांबली. क्रेट ओढ्यात गेले, वडिलांचा हात दोन महिने प्लास्टरमध्ये राहिला. ब्रेक ऑइल किती वर्षे बदलले नव्हते, हे घरात कोणालाच सांगता आले नाही, मलाही नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते. ओलावा शोषलेले १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडलचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे व त्याच वेळी ड्रम उघडून लायनर आणि व्हील सिलिंडर पाहावेत.

न्यूट्रलने डिझेल वाचते हेही खरे नाही. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. चढाला जो गिअर लागतो तोच उताराला ठेवावा, व तो उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा.

फोर-व्हीलचा दांडा कधी वापरावा, याबद्दलही घोटाळा दिसतो. या जीपमध्ये ट्रान्स्फर केस पुढचा व मागचा शाफ्ट एकत्र जखडते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, शाफ्टला पीळ बसतो आणि दांडा अडकतो. असे झाल्यास गाडी सरळ थोडी मागे घ्यावी, जोर लावून दांडा ओढू नये. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत, ते याच कारणासाठी. लो गिअरमध्ये चाकावरचा जोर सुमारे दोन ते अडीच पट होतो. मुरमाड चढाला व तसल्याच उताराला तो वापरावा.

ओढा ओलांडण्यापूर्वी एक्सलच्या हाऊसिंगवरील ब्रीदर मोकळा आहे ना, हे पाहावे. तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. प्लग उघडल्यावर ऑइल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले असे समजून ते ताबडतोब बदलावे. शाफ्टच्या क्रॉसना व शॅकलना ग्रीस पाण्यातून आल्यावर पुन्हा भरावे. ऑइल-बाथ एअर फिल्टरची वाटी धुळीच्या दिवसांत वारंवार साफ करावी. हे ट्रॅक्टरवाल्यांना सांगायला नको.

एक गोष्ट माझ्या विषयातली. जीप फोर-व्हील आहे म्हणून वाफसा नसलेल्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली घालू नये. गाडी निघेल, पण चाकोरीखालची जमीन घट्ट होते व पुढच्या पिकाची मुळे तिथे अडतात. आमच्या एका पट्ट्यात त्या चाकोऱ्या रब्बीच्या हरभऱ्यात ओळीने पिवळ्या दिसल्या होत्या. ट्रॉली बांधावर उभी करून क्रेट डोक्यावरून आणावेत. मजुरी लागते, तरी ती परवडते.

पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, आणि तिच्या मागे दिवे व लाल रिफ्लेक्टर हवेत. टोमॅटो बहुधा अंधार पडल्यावरच नारायणगावच्या बाजाराकडे निघतो.