शनीपर्यंत पोचणारा कोसा

पावसाळा लागला की जव्हार-मोखाड्याकडून एक फोटो हमखास फिरू लागतो. आश्रमशाळेच्या नाहीतर एखाद्या कचेरीच्या भिंतीवर, ट्यूबलाइटखाली, विटकरी रंगाचा एक दांडगा जीव पंख पसरून बसलेला. मापासाठी शेजारी कुणाचा तरी पंजा. आणि खाली मजकूर: ‘जगातील सर्वात मोठे फुलपाखरू ॲटॅकस ॲटलास आपल्या तालुक्यात!’ एवढ्याशा ओळीत तीन घोटाळे आहेत. पहिला सरळ आहे. ते फुलपाखरू नव्हे, पतंग. जगात आजवर नावे दिलेल्या फुलपाखरे-पतंगांच्या जाती २०११ च्या मोजणीनुसार १ लाख ५७ हजारांवर भरतात. त्यातली फुलपाखरे जेमतेम १९ हजार, बाकी सगळे पतंग. भारतातही फुलपाखरे तेराशेच्या आसपास आणि पतंग दहा हजारांवर. तरी पतंग दिसला की आपण त्याला फुलपाखराच्या खात्यात टाकतो. बहुमताला अल्पमताचे नाव देण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा घोटाळा ‘सर्वात मोठे’चा. ॲटलास पतंगाच्या पंखांचा विस्तार मोठ्या मादीत २४ सेंटिमीटरपर्यंत भरतो. तीस सेंटिमीटरचे आकडे सर्रास छापले जातात, पण त्यांच्यावर माझा भरवसा नाही. कारण मोजण्याची रीतच घसरडी आहे. संग्रहालयात पतंग टाचणीवर लावताना पुढचे पंख वर ओढून ताणतात. भिंतीवर बसलेला जिवंत पतंग ते तसे कधीच धरत नाही. म्हणजे एकच पतंग दोन ठिकाणी दोन मापांचा. शिवाय नुसत्या विस्तारावर गेले, तर दक्षिण अमेरिकेतला ‘व्हाइट विच’ हा पतंग २८ सेंटिमीटरच्या पुढे जाऊन बाजी मारतो, आणि तो या कुळातलाही नाही. क्षेत्रफळ धरले तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला हर्क्युलस पतंग पुढे. त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटरपर्यंत नोंदलेले आहे, ॲटलासचे साधारण १६०. तरीही मोखाड्यातला पाहुणा ज्या कुळातला आहे त्या सॅटर्निडी कुळाकडेच हा मान राहतो, कारण हर्क्युलस त्याचा सख्खा भाऊबंद.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र आणि चिकू. पण त्याचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग, जव्हार, मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ, हा ऐन-सागाच्या जंगलाचा आणि धो धो पावसाचा मुलूख आहे. सह्याद्रीच्या अशा पट्ट्यात सॅटर्निडींचे तीन ठळक प्रतिनिधी भेटतात. एक हा ॲटलास, दुसरा फिकट पोपटी, लांब शेपट्यांचा मून मॉथ, आणि तिसरा टसर रेशमाचा पतंग. पहिल्या दोघांचे फोटो निघतात. तिसऱ्यावर माणसांचे पोट भरते.

ॲटलास जवळून बघावा. चारही पंखांच्या मधोमध तिकोनी पारदर्शक खिडक्या असतात. तिथे खवलेच नसतात, पलीकडची भिंत दिसते. पुढच्या पंखांची टोके बाकदार, पिवळसर, त्यात एक काळा ठिपका आणि खाली तोंडाची फट वाटावी अशी रेघ. डिवचला की तो जमिनीवर पडून पंख सावकाश हलवतो आणि दोन सापांची डोकी डुलू लागतात. मोखाड्याचा बोहाडा ज्याने पाहिला आहे त्याला यात नवल वाटू नये. मुखवटा चढवला की माणूस दुसराच कुणी होतो, इथे मुखवटा पंखालाच आहे. पोटात मात्र काही नाही. या कुळातल्या प्रौढांना कामाचे तोंडच नसते. अळी असताना खाल्ले तेवढ्यावर आठवडा-दीड आठवडा काढायचा, जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि संपायचे.

खाण्याचे सगळे काम अळीचे, आणि इथून आकडे डोके फिरवू लागतात. टसरची अळी अंड्यातून निघते तेव्हा तिचे वजन सुमारे ८ मिलिग्रॅम असते. ऐनाचा नाहीतर अर्जुनाचा पाला खात, चार वेळा कात टाकत ती पाच-सहा आठवड्यांत ५० ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे सव्वासहा हजार पट. दर तीन दिवसांनी वजन दुप्पट, आणि हे बारा-तेरा वेळा लागोपाठ. अमेरिकेतल्या पॉलिफेमस या चुलत भावाबद्दल लिओपोल्ड त्रुवेलो या हौशी अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात हिशेब मांडला होता: जन्मावेळच्या वजनाच्या ८६ हजार पट अन्न, ५६ दिवसांत. (याच त्रुवेलोने रेशमाच्या नादात युरोपातून जिप्सी मॉथ आणला; तो त्याच्या हातून सुटला आणि आजही अमेरिकेची जंगले बोडकी करतो आहे. पतंगांच्या आकड्यांशी खेळणे नेहमीच निरुपद्रवी नसते.)

अंड्यांचे गणित तर त्याहून भयंकर. टसरची मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते. दोनशे धरू, त्यात निम्म्या माद्या. सगळी जगली तर दुसऱ्या पिढीला २० हजार अळ्या, तिसऱ्या पिढीला २० लाख, चौथ्या पिढीला २० कोटी, पाचव्या पिढीला २,००० कोटी. पन्नास ग्रॅमच्या हिशेबाने त्यांचे वजन दहा लाख टन. वर्षाला दोन पिढ्या धरल्या, तर हे सगळे अडीच-तीन वर्षांत. पालघरच काय, देशात कुठे ऐनाला पान उरले नसते. तसे होत नाही, कारण पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या, अळीच्या अंगावर अंडी घालणाऱ्या माश्या आणि रोगराई मिळून दोनशेतले सरासरी एकशे अठ्ठ्याण्णव उचलतात. जंगल जागेवर आहे ते या नव्व्याण्णव टक्क्यांच्या मरणावर.

वाचलेली अळी कोष विणायला बसते तो प्रकार बघण्यासारखा असतो. आधी ती डहाळीभोवती रेशमाचे एक कडे वळते. त्या कड्याला टणक देठ, आणि देठाला लोंबता चार-पाच सेंटिमीटरचा कोष. पान गळले तरी कोष गळत नाही, कारण तो पानाला टांगलेलाच नसतो. आतून विणून झाले की अळी एक द्रव सोडते आणि कोषाची भिंत कडक होते. बाहेर पडताना पतंग दुसरा द्रव लावून तीच भिंत एका टोकाला मऊ करतो आणि वाट काढतो. या टणकपणामुळेच टसरचा धागा उलगडणे हे तुतीच्या रेशमापेक्षा जिकिरीचे काम. पुण्यात मेजर कूसमेकर हा इंग्रज अधिकारी १८७० च्या दशकात टसर पाळण्याच्या आणि त्याचा धागा सोडवण्याच्या प्रयोगांत गुंतला होता. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात हिंदुस्थानातले रानरेशीम मांडले गेले आणि १८८१ मध्ये थॉमस वॉर्डलने त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पण पुण्यात टसर रुजला नाही. तो टिकला तो विदर्भात. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरकडे ढीवर समाजाची माणसे ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडतात, पाखरे राखत रानात राहतात, आणि त्यातून कोसा, म्हणजे टसरचे रेशीम, येतो.

या कोशाच्या धाग्याचा एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. टसरचा एकेरी तंतू साधारण दहा डेनियरचा असतो, म्हणजे ९,००० मीटर लांबीचे वजन दहा ग्रॅम. एका किलोत ९०० किलोमीटर तंतू. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे २,९८० टन टसर निघाला. गुणाकार केला की २६८ कोटी किलोमीटर येतात. कुळाचे नाव सॅटर्निडी, तेव्हा शनीपर्यंत जाऊनच पाहू. शनी सूर्यापासून सरासरी १४३ कोटी किलोमीटरवर आहे. सूर्यापासून निघून हा धागा शनीला वळसा घालतो, आणि परतताना मंगळाची कक्षा ओलांडून पृथ्वीच्या कक्षेजवळ येऊन संपतो. हा कागदावरचा हिशेब झाला, कारण सगळा टसर काही अखंड तंतू म्हणून निघत नाही. पण एका वर्षाचे, आणि तेही मोजक्या राज्यांतल्या जंगलांचे हे पीक आहे. पैठणीचे रेशीम यात धरलेले नाही. ते तुतीवरच्या किड्याचे, आणि त्याचे कुळ बॉम्बिसिडी, वेगळे. नाते आहे, पण घर एक नाही.

आता प्रौढांकडे. आयुष्य आठवड्याचे, रात्र काळीकुट्ट, पाऊस कोसळतो आहे, आणि मादी एका झाडावर गप्प बसलेली. नराने तिला शोधायचे कसे? फ्रान्समधल्या फाब्र या कीटक-अभ्यासकाच्या घरात एका सकाळी ‘ग्रेट पीकॉक’ जातीची मादी कोषातून निघाली. त्याच रात्री चाळीसच्या आसपास नर घरात घुसले, आणि आठ रात्रींत हा आकडा दीडशेवर गेला. ती जात त्या भागात दुर्मीळ होती, म्हणजे नर लांबून आले असणार. फाब्रने नॅप्थलीनच्या उग्र वासाने खोली भरून पाहिली. तरी ते आलेच. मोखाड्यात दिसतो त्याच मून मॉथवर १९२० च्या सुमारास चीनमध्ये प्रयोग झाला. खुणा केलेले नर आगगाडीतून वेगवेगळ्या अंतरांवर सोडले, तर ११ किलोमीटरवरून सोडलेल्यांपैकीही सुमारे पाव हिस्सा मादीपाशी परतला. ही किमया पिसासारख्या मिशांची. पॉलिफेमसच्या नराच्या एका मिशीवर मादीचा गंध टिपणारे केस साठ हजारांच्या घरात असतात. आणि गंध किती? तुतीच्या पतंगाच्या मादीचा गंध पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात काढला तो ॲडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये. पाच लाख माद्यांच्या ग्रंथी वापरून हाती आले ते अवघे काही मिलिग्रॅम.

मून मॉथच्या शेपट्यांचाही हिशेब झाला आहे. त्याच्या अमेरिकी भावाला, ल्यूना पतंगाला, वटवाघळांसमोर सोडून २०१५ मध्ये मोजणी केली. शेपट्या कापलेल्यांपैकी ८१ टक्के पकडले गेले, शेपट्या शाबूत असलेल्यांपैकी ३५ टक्क्यांहूनही कमी. शेपटी उडताना गिरकी घेते, वटवाघळाला तिचाच प्रतिध्वनी जास्त भावतो, आणि निम्म्याहून अधिक झडपा शेपटीवर पडतात. शोभेची म्हणून ज्याचे कौतुक होते ती गोष्ट चिलखत निघाली.

राहिला तिसरा घोटाळा, नावाचा. १७५८ मध्ये लिनियसने पतंगांची यादी केली तेव्हा जवळजवळ सगळे पतंग एका ‘फालीना’ नावाच्या पोत्यात भरले होते. ॲटलासचे नाव त्याच यादीतले. पुढे ते पोते फाटत गेले, कुळे वेगळी झाली. सिलोनच्या पतंगांचा अभ्यास करताना फ्रेडरिक मूर यांना तिथला ॲटलास वेगळा वाटला आणि १८८३ मध्ये त्यांनी त्याला ‘ॲटॅकस टॅप्रोबॅनिस’ म्हटले. श्रीलंका आणि दक्षिण भारतासह सह्याद्रीत उडतो तो हा. खरा ‘ॲटॅकस ॲटलास’ ईशान्य भारतापासून पुढे आग्नेय आशियात. तेव्हा मोखाड्याच्या भिंतीवरचा पाहुणा बहुतेक टॅप्रोबॅनिस, आणि बातमीत छापला जातो त्याचा भाऊ.

मोजणीही स्थिर राहत नाही. २०११ च्या जागतिक यादीत सॅटर्निडीच्या जाती होत्या २,३४९. २०१८ च्या यादीत त्याच कुळात ३,४५४. पहिल्या अडीचशे वर्षांत वर्षाला सरासरी नऊ जाती, आणि पुढच्या सात वर्षांत वर्षाला दीडशेच्या वर! त्याच काळात प्रजाती, म्हणजे जातींचे गट, १६९ वरून १८० एवढेच झाले. याचा अर्थ नवे जंगल सापडले असा नाही. जुन्याच गटांची वाटणी बारीक झाली. वाटणीचे मोठे हत्यार म्हणजे मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. त्यात दोन टक्के, म्हणजे तेरा अक्षरांचा फरक दिसला की वेगळी जात असल्याचा संशय घेतात. मला विचाराल तर या हजारातल्या बऱ्याच जाती पुढेमागे पुन्हा एकत्र होतील. तेरा अक्षरांवर घर फोडणे जरा उतावीळपणाचे आहे.

टसरचेच पाहा. लिनियसने १७५८ मध्ये ‘पॅफिया’ नाव दिले, ड्रूरीने १७७३ मध्ये ‘मायलिटा’. रेशीम खाते दुसरे वापरते, काही वर्गीकरणकार पहिले, आणि भांडण मिटलेले नाही. एकट्या भारतात टसरचे ४४ स्थानिक वाण नोंदलेले आहेत. त्यातला एक भंडाऱ्याच्या नावाचा. मग जात ठरवायची कशी? शाळेत शिकवतात की दोन वेगळ्या जातींची संतती वांझ निघते. चीनच्या ओक टसरमध्ये गुणसूत्रांच्या ४९ जोड्या, हिमालयातल्या रॉयली टसरमध्ये तीसच्या आसपास. जवळजवळ वीस जोड्यांची तफावत. भारतीय शास्त्रज्ञांनी दोघांचा संकर केला. संतती वांझ निघाली नाही, पिढ्यानपिढ्या वाढली. तिला ‘प्रॉयली’ असे नाव मिळाले आणि मणिपूरमध्ये ओकच्या पाल्यावर तिचे पीक आजही घेतले जाते.