पायांसाठी हिरवळ, डोळ्यांसाठी सदाफुली

घर बांधून झाले, कुंपणाची भिंत उठली, की उरलेल्या मोकळ्या जागेकडे पाहून बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'लॉन'. पायरी उतरली की हिरवागार गालिचा, त्यावर वेताच्या खुर्च्या आणि चहाचा ट्रे, हे चित्र जुन्या हिंदी सिनेमांनी आपल्या डोक्यात पक्के बसवले आहे. फुलझाडांचा विचार नंतर होतो, तोही कडेकडेने, उरलीसुरली जागा भरण्यापुरता. मला हा क्रमच उलटा वाटतो. आपल्या हवेत आधी फुलझाडे लावावीत आणि हिरवळ लागेल तेवढीच ठेवावी.

हा विचार पुस्तकात वाचून आलेला नाही. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत स्कूटरची जुनी शेड पाडली आणि सुमारे हजार चौरस फूट जागा मोकळी झाली. तिथे काय करावे यावर सभेत दोन तट पडले. ज्यांच्या घरी नातवंडे होती त्यांना हिरवळ हवी होती. उन्हाळ्यात टँकरवाल्यांशी हुज्जत घालण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना हिरवळीचे नावही नको होते. बागेचे खाते माझ्याकडे असल्याने हिशेब मांडायचे काम माझ्या गळ्यात आले. हिरवळीसाठी हरळी आणि फुलांसाठी सदाफुली, असे दोन उमेदवार मी समोरासमोर उभे केले.

हरळी म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वाच. नर्सरीत तिच्याच बारीक पानांच्या निवडक जाती लॉनसाठी विकतात. जमिनीवरून धावणारे दोर आणि जमिनीखालून पसरणारी मुळे अशी दुहेरी फौज तिच्याकडे असते. म्हणून तुडवली तरी ती मरत नाही, उलट दाट होते. शेतकऱ्याला मात्र तिचे हेच गुण नको असतात. आमचे माळीबुवा एकदा खुरपे टेकवून म्हणाले होते, "काका, गावाकडं हरळी काढता काढता आमचा बाप थकला, आन् हितं तीच लावायचे मी पैसे घेतो."

गवत आपले असले, तरी ते वर्षभर हिरवे आणि एकसारखे कापलेले दिसावे ही हौस इंग्लंडातून आली. तिथे पाऊस बारा महिने थोडाथोडा पडत राहतो, हवा थंड असते, गवत आपोआप हिरवे राहते. आधी ते विळ्यांनी कापत किंवा त्यावर मेंढ्या सोडत. पुढे ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंग या कारागिराने १८३० मध्ये गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि हिरवळ सरदारांच्या वाड्यांतून मध्यमवर्गीयांच्या अंगणात आली. आपल्याकडे पाऊस पडतो चार महिने. उरलेल्या आठ महिन्यांचा हिरवा रंग नळाला पाइप लावून आणावा लागतो.

तो केवढ्याला पडतो ते पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरले, तर दिवसाला ४६५ लिटर झाले, आठवड्याला सव्वातीन हजार. शहरांसाठी पाण्याचे नियोजन करताना दर माणशी रोज १३५ लिटर हे माप धरतात. म्हणजे आमची ती चौकोनी हिरवळ तीन माणसांचे पाणी पिऊन वर थोडे मागणार होती. शिवाय पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापणी, लव्हाळ्याच्या गाठी शोधून काढणे आणि हुमणी लागली तर तिचा बंदोबस्त, हे वेगळेच.

पाण्याचा हा प्रश्न फक्त आमच्या अंगणाचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. वाद होता मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा. गवताला किती पाणी घालावे, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात कोर्टापर्यंत गेला होता.

आता सदाफुली. ही मूळची मादागास्कर बेटावरची, पण आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिला परकी म्हणवत नाही. फरशीच्या फटीत उगवते, मुरमाड जमिनीत जगते, गुरे-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत आणि गुलाबी-पांढरी फुले वर्षभर देत राहते. दोन-दोन फुटांवर लावली तर हजार चौरस फुटांत अडीचशे रोपे बसतात. मुळे धरल्यावर बुंध्याशी पालापाचोळा पसरून प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोनदा लिटरभर पाणी घातले की आमच्याकडे ती उन्हाळा काढते. एकूण पाचशे लिटर, म्हणजे हिरवळीच्या पाण्याचा साधारण सहावा हिस्सा.

तिचेही नखरे आहेत. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले तर मुळे कुजतात, म्हणून वाफा थोडा उंच हवा. दोन-तीन वर्षांत झाड लाकडी, उघडेबोडके होते. मग ते काढून खाली पडलेल्या बियांची रोपे पुढे आणावीत. ती विकत घ्यावी लागत नाहीत.

या साध्या झाडाची एक मोठी कथा आहे. जमैकात मधुमेहावर हिच्या पानांचा काढा घेत. १९५० च्या दशकात कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांनी हा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून नोबल आणि चार्ल्स बीअर यांना व्हिनब्लास्टिन सापडले. पुढे याच झाडातून मिळालेले व्हिनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. मात्र हे शुद्ध केलेले औषध असते, अगदी थोड्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून देतात. सकाळी फिरायला जाताना साखरेवर उपाय म्हणून सदाफुलीची पाने-फुले चावणारी मंडळी मी पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नका. झाड विषारी आहे. घरात रांगते मूल असेल तर ते त्याच्या हाताला लागणार नाही असे लावा.

आकडे असे सदाफुलीच्या बाजूने पडले, तरी हिरवळीचे एक म्हणणे मला खोडता आले नाही. सदाफुलीवर बसता येत नाही. मूल पडले तर गुडघा न फुटता उठते ते गवतावर. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी संध्याकाळी चपला काढून बसतात त्याही गवतावर. सारसबागेत रविवारी सतरंजी टाकून बसलेली कुटुंबे पाहिली की हिरवळ ही नुसती श्रीमंती चैन आहे असे म्हणवत नाही.

म्हणून सभेत मी एवढेच सुचवले. जिथे पाय खरोखर पडतात तेवढीच जागा गवताला द्यावी, आणि जी हिरवळ नुसती गॅलरीतून बघायची ती लावू नये. आमच्या हजार फुटांपैकी अडीचशे फुटांवर हरळी आली, भरपूर ऊन असलेल्या बाजूला, कारण सावलीत ती विरळ होते. बाकी जागा सदाफुलीला आणि एका फरसबंद पायवाटेला गेली. एक अट मात्र ठराव करून घातली. एप्रिल-मे मध्ये टँकर सुरू झाले, की हरळीचे पाणी बंद.

पहिल्या मे महिन्यात ती पिवळी पडली तेव्हा कुरकुर झाली. पण हरळीला आपला उन्हाळा ठाऊक असतो. वरून वाळते आणि जमिनीखाली जीव धरून राहते. जूनमध्ये दोन चांगल्या सरी झाल्या आणि आठवडाभरात तिला कोंब फुटले. तोवर पोरे त्याच पिवळ्या गवतावर क्रिकेट खेळत होती. गवत हिरवे आहे की नाही, याची चौकशी त्यांच्यापैकी एकानेही केली नव्हती.