‘कास्ट’ : एका शब्दाचे कुळ

शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात इंग्रजीत ‘कास्ट’ असे छापलेले असते. हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. इंग्रजांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला, आणि पोर्तुगीज तर आपल्या किहीमच्या दक्षिणेस, चौल-रेवदंड्याला, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १७४० पर्यंत ठाण मांडून होते. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आजही ऐकू येते.

पोर्तुगिजांच्या भाषेत ‘कास्ता’ म्हणजे वंश, अवलाद. जनावरांच्या पैदाशीलाही तोच शब्द चाले. येथील जाती पाहून त्यांनी तेच नाव त्यांना लावले. गार्सिया द ऑर्ता याच्या, १५६३ साली गोव्यात छापलेल्या वनौषधींवरील ग्रंथातही ते आढळते. काही भाषाशास्त्रज्ञ ‘कास्ता’चे मूळ जर्मानिक मानतात; परंतु अनेक कोशकार ते लॅटिन ‘कास्तुस’मध्ये शोधतात. अर्थ, शुद्ध. इंग्रजीतील ‘चॅस्टिटी’, म्हणजे देहाची शुचिता, आणि ‘कॅस्टिगेट’, म्हणजे कडक शासन करणे, हे शब्दही ‘कास्तुस’चेच वंशज. शुद्धी, शुचिता आणि शिक्षा यांचे एकच कुळ निघावे, हे भारतीय वाचकाला फारसे नवल वाटू नये.

मात्र नावावर विसंबून चालत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. विटाळाची कल्पना हे जातीचे मूळ लक्षण, असे सेनार या फ्रेंच विद्वानाचे मत होते. पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी ते नाकारले. जातीचा गाभा त्यांनी जातीअंतर्गत विवाहात दाखविला, आणि ती चौकट टिकविण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह कसे आले, हे उलगडले. म्हणजे शुद्धीच्या नावाखाली खरा पहारा बसला तो स्त्रीवर. शब्दाच्या कुळात ‘चॅस्टिटी’ सापडते ती उगीच नव्हे, असे मला वाटते.

शुद्धीचे सोंग आपल्याच जिल्ह्याने, तेव्हाच्या कुलाब्याने, पाहिले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, आणि सनातन्यांनी १०८ घागरींचा विधी करून, पंचगव्य ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले.

आपल्या ‘जात’ या शब्दाचे मूळ ‘जन्’ धातूत आहे. पालीत ‘जाति’ म्हणजे मुळात जन्म, प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा अंगांतील अकरावे. त्यात शुद्ध-अशुद्धाचा अर्थ नाही.