परभणीची ज्योती आणि बीजिंगचा रस्ता

(कम्युनिटी रेडिओवरील ‘आपलं आरोग्य’ भाषणातून)



८ मार्च जवळ आला की गावोगावी फलक लागतात, ‘महिला मॅरेथॉन’. अंतर असतं दोन किंवा तीन किलोमीटर. बायका हौसेनं येतात, साडी खोचून पळतात, हसतात, फोटो निघतात. त्यात काहीच वाईट नाही. पण मॅरेथॉन म्हणजे नेमकं काय आणि त्यात पळणाऱ्या बाईच्या शरीराचं काय होतं, हे कळलं तर आपली तीन किलोमीटरची धावसुद्धा आपण अधिक शहाणपणानं घेऊ. म्हणून आज आम्ही हा विषय घेतलाय.

खरी मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटरची. म्हणजे परभणीहून जिंतूरला न थांबता पळत जायचं, जवळपास तेवढं. आपण एस.टी.त बसून गेलो तरी तास-दीड तास जातो आणि कंबर धरते. हे अंतर पळत पूर्ण करणारी बाई आपल्या परभणीतच आहे, ज्योती गवते. २०१७ सालच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये ती पहिली आली. वेळ होती २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. म्हणजे दर किलोमीटरला साधारण चार मिनिटं, आणि असे बेचाळीस किलोमीटर. आपल्यातल्या एखादीला एक किलोमीटर पाच मिनिटांत पळायला सांगा, दम लागून खाली बसेल. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, ज्योती दुसरी आली. २०१९ मध्येही दुसरी, पण वेळ तिनं २ तास ४५ मिनिटं ४८ सेकंदांवर आणली. नंबर खाली गेला तरी वेळ सुधारली. पळणाऱ्या बायका नंबरापेक्षा घड्याळाकडं जास्त बघतात ते यामुळंच.

मुंबईची ही शर्यत २००४ साली सुरू झाली. ती जानेवारीत असते, कारण मुंबईत त्यातल्या त्यात गार हवा तेव्हाच. तरी समुद्राकाठची दमट हवा असतेच. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग गार होत नाही. परभणीची कोरडी हवा वेगळी. इथं घाम आला कधी आणि वाळला कधी तेच कळत नाही. अंगातलं पाणी मात्र निघून गेलेलं असतं. दोन्हीकडं धोका आहे, फक्त त्याची तऱ्हा वेगळी.

आता जरा लांब जाऊ, चीनला. तिथली सगळ्यांत नावाजलेली शर्यत बीजिंग मॅरेथॉन. तिआनमेन नावाच्या भल्या मोठ्या चौकातून ती सुटते आणि ऑलिंपिकच्या मैदानाजवळ संपते. तीस हजारांच्या आसपास माणसं पळतात. १९८१ साली ती सुरू झाली तेव्हा फक्त पुरुषांसाठी होती. बायकांना १९८९ मध्ये घेतलं. चीनच मागं होता असं समजू नका. ऑलिंपिकमध्येही बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती थेट १९८४ साली. त्याआधी शिकलेसवरलेले लोक सांगायचे की एवढं पळाल्यानं बाईची गर्भपिशवी सरकेल, तिला पोर होणार नाही. आपल्या आज्यांना कोसभर लांबून डोक्यावर दोन घागरी आणायला लावताना ही काळजी कुणाला वाटली नव्हती, एवढंच आम्ही म्हणतो.

चीनच्या मातीत आपल्या मराठी मुलींनीही नाव कमावलंय. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० साली ग्वांगझू शहरात आशियाई स्पर्धेला गेली. दहा हजार मीटरच्या शर्यतीत तिनं रौप्यपदक मिळवलं. सोन्याचं पदक केरळच्या प्रीजा श्रीधरनला मिळालं. दोघींमध्ये अंतर किती, तर एका सेकंदाहूनही कमी. पंचवीस फेऱ्या पळाल्यावर फरक एका सेकंदाचा! पाच हजार मीटरमध्येही दोघी एकामागं एक आल्या. पुढं कविता मॅरेथॉनकडं वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ४२ किलोमीटर पळाली.

दुसरी आपली ललिता बाबर. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. माण म्हणजे दुष्काळी मुलूख, आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी तीन वर्षं ओळीनं ती मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. मग तिनं अडथळ्यांची तीन हजार मीटरची शर्यत धरली. त्यात लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळावं लागतं. २०१५ साली बीजिंगला जागतिक स्पर्धा झाली, तिथं ती अंतिम फेरीत आठवी आली. त्याच स्पर्धेत ३० ऑगस्टला बायकांची मॅरेथॉन झाली. इथिओपियाची मारे दिबाबा पहिली आली, २ तास २७ मिनिटं ३५ सेकंद. दुसरी केनियाची बाई फक्त एका सेकंदानं मागं राहिली. आपल्या देशाच्या ओ. पी. जैशा आणि सुधा सिंग अठराव्या आणि एकोणिसाव्या आल्या. वर्तमानपत्रात पहिल्या तिघींचेच फोटो येतात. पण जैशानं त्या दिवशी २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांत शर्यत संपवून देशाचा नवा विक्रम केला होता. अठराव्या नंबरावर येऊनही विक्रम होतो, हे घरच्यांना समजावून सांगायला बरं पडेल.

आता पळताना होतं काय, ते बघू. पहिले दहा किलोमीटर फसवे असतात. गर्दी असते, ढोल वाजतात, अंगात जोर असतो आणि नवशी बाई गरजेपेक्षा जोरात पळते. आपलं शरीर जेवणातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवतं. कणगीतल्या धान्यासारखा हा साठा असतो. तो साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येतो. मग पाय एकदम शिसं ओतल्यासारखे जड होतात, डोकं सुन्न होतं, रडू येतं. याला पळणारे ‘भिंत लागली’ म्हणतात. पुढं चरबीवर शरीर चालतं, पण ते हळू चालतं. म्हणून जाणत्या धावपटू सुरुवातीला हात राखून पळतात आणि वाटेत थोडं थोडं गोड पाणी किंवा केळं घेतात. मुंबईत तर परतीच्या वाटेवर, नेमके पाय थकलेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. तिथं कितीतरी जण चालायला लागतात.

पाण्याचं गणित दोन्ही बाजूंनी चुकतं. कमी प्यायलं तर चक्कर, वांती, पेटके. पण घामातून मीठही जातं, आणि त्यावर नुसतं पाणी तांब्यामागून तांब्या ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. असं होऊन शर्यतीत माणसं दगावलीही आहेत. म्हणून तहान लागेल तसं घोट घोट प्यावं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळलं की झालं. रंगीत बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल त्या बाईनं मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

हवेचंही तसंच. २०१४ च्या ऑक्टोबरात बीजिंग मॅरेथॉनच्या दिवशी शहरावर धुरकट धुकं बसलं होतं. हवेतली बारीक घाण जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या मर्यादेच्या सोळापटींहून जास्त होती. तरी शर्यत झाली. कुणी तोंडाला मास्क लावून पळालं, कुणी अर्ध्यातून घरी गेलं. अंगावरची काजळी पुसायला वाटेत स्पंज दिले होते. पळताना आपण बसल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो, म्हणजे घाणही तेवढीच आत जाते. शर्यत रद्द करायला हवी होती, असं आमचं मत आहे. आपल्याकडं कचरा नाहीतर पाचट पेटवलेल्या रस्त्यानं सकाळी पळणं हेही त्यातलंच.

चीनमधलीच एक गोष्ट मात्र ऐकताना अंगावर काटा येतो. ती शहरातली नाही, गान्सू प्रांतातल्या डोंगरातली आहे. २२ मे २०२१ ला बाईयिन शहराजवळ शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण पळत होते. दुपारी हवा फिरली. गारा, बर्फासारखा पाऊस, सोसाट्याचा वारा. अंगावर अर्ध्या चड्ड्या आणि पातळ बनियन. २१ माणसं थंडीनं गेली. त्यांत देशातले नावाजलेले धावपटूही होते. झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ त्या डोंगरात होता. त्यानं सहा जणांना आपल्या गुहेत नेलं, जाळ केला, कोरडे कपडे आणि पांघरूण दिलं. ते सहाही वाचले. एवढी मोठी शर्यत भरवणाऱ्यांजवळ जे नव्हतं, ते मेंढपाळाच्या गुहेत होतं.

हे सगळं आम्ही का सांगतोय? कारण आपल्या गटाची धाव आपणच भरवतो. मार्चमध्ये परभणीचं ऊन तापायला लागतं. पाहुणे येईपर्यंत बायकांना नऊ-नऊ वाजेपर्यंत उन्हात उभं करायचं आणि मग पळवायचं, हे बंद झालं पाहिजे. सहा-साडेसहाला धाव सुरू करा, भाषणं नंतर होऊ द्या. दर किलोमीटरला पाणी आणि सावलीत बसायला एक जागा ठेवा. आशाताईंना आधी सांगून ठेवा. कुणी बरळायला लागली, पाय लटपटले, अंग तापलं, तर तिला पळवत नेऊ नका. सावलीत निजवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. ताप असलेल्या, गरोदर आणि छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या बायकांनी त्या दिवशी टाळ्या वाजवायला यावं, पळायला नको.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र रस्त्यावर नाही, रक्तात आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्तातलं लोहच प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवतं. ते कमी असलं की जिना चढतानाही धाप लागते, मग पळणं दूरच. घरात मात्र ‘आळशी आहे’ म्हणतात. म्हणून पळायला सुरुवात करण्याआधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारापेक्षा कमी असेल तर गोळ्या घ्या. बाजरी, मेथी, हरभरा, शेंगदाणे खा आणि त्यावर लिंबू पिळा. लिंबानं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच घेतलेल्या चहानं ते लागत नाही. चहा तासाभरानं घ्या, आम्ही चहा सोडा म्हणत नाही.

पळणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नका. जेवढं पळते तेवढं तिला खायला मिळत नाही, हे शरीर सांगत असतं. अशानं हाडं ठिसूळ होतात. त्या मुलीच्या ताटात एक भाकरी आणि एक अंडं वाढवा, आणि डॉक्टरांना दाखवा. पाळीच्या दिवसांत पळायला एरवी काहीच हरकत नाही. पोट फार दुखत असेल तर त्या दिवशी विसावा.

बारामतीच्या लता करे आजींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. साठी ओलांडलेल्या या आजी नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली सिनेमा आला, आजींनी स्वतःच त्यात काम केलं. आजींना आमचा दंडवत. पण ही गोष्ट सांगताना लोक नुसतं ‘केवढी जिद्द’ म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हातारीला शर्यत जिंकावी लागते, यात जिद्दीइतकीच लाजेचीही गोष्ट आहे, आणि ती लाज आजींची नाही.

आणि आपल्या मुली. पोलीस भरतीसाठी ८०० मीटर पळावं लागतं, म्हणून कितीतरी जणी पहाटे पाचला अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात. उपाशीपोटी, जुन्या चपलांवर, मागून ट्रक येतोय की मोटारसायकलवरची टवाळ पोरं, याची धास्ती घेऊन. आई म्हणते, नको जाऊ. भीती खोटी नाही, पण त्यानं भरती हुकते. यावर गटानं करण्यासारखं एक सोपं काम आहे. गटातल्या दोघी-दोघींनी पाळी लावून पहाटे त्या रस्त्यावर फिरायला जायचं. बॅटरी न्यायची, पाण्याची बाटली न्यायची, मुलींसाठी मूठभर गूळ-शेंगदाणे न्यायचे. वाहनांच्या समोरून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं पळायला सांगायचं. शाळेचं मैदान पहाटे उघडं ठेवावं म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा आणि त्यावर पंचवीस बायकांच्या सह्या घ्यायच्या. अर्ज कसा लिहायचा ते पुढच्या भाषणात सांगू. तोवर आपल्या गावात पहाटे किती मुली पळतात, तेवढं मोजून ठेवा.